घरातलं शास्त्र : सुईएवढं भोक, त्यावर सारा कारभार

मैत्रिणींनो, या वेळी हडपसरच्या एका भगिनींचं पत्र सगळ्यांत आधी घेते, कारण त्याचं उत्तर मागे ठेवण्यासारखं नाही. त्या लिहितात :

"आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला, तेव्हा आलेल्या माणसाने आमची जुनी शेगडी त्या गॅसला जुळवून दिली. ती छान चालत होती. यंदा आम्ही नवी शेगडी घेतली आणि जुनी लेकीला दिली. लेक-जावई फुरसुंगीला भाड्याच्या जागेत राहतात. तिथे सिलिंडर आहे. तिथे गेल्यापासून शेगडीला काय झालंय कळत नाही. ज्योत पिवळी, लांबलचक, भांड्याच्या कडेने वर येते. पातेल्यांची बुडं काळीकुट्ट होतात. बर्नर लिंबाने घासले, उन्हात वाळवले, एक तर नवा आणला, तरी तेच. लेक म्हणते, पोळ्या होईतो डोकं दुखायला लागतं. शेजारचा मुलगा म्हणतो, भोकात पिन मारली की सुधारेल. मारायची का?"

ताई, पिन मुळीच मारायची नाही. लेकीला आजच कळवा की ती शेगडी सिलिंडरवर पेटवू नकोस. जेट बदलून होईपर्यंत कुणाची तरी शेगडी मागून आणावी, नाहीतर विजेच्या शेगडीवर भागवावं. तुमच्या शेगडीला रोग झालेला नाही आणि बर्नरचाही दोष नाही. शेगडी पाइपच्या गॅसची आणि गॅस सिलिंडरचा, एवढंच झालं आहे. पण हे 'एवढंच' अंगावर येऊ शकतं. का, ते नीट समजून घेऊ. हडपसर, मगरपट्टा, फुरसुंगी या पट्ट्यात एका घरी पाइप आणि दुसऱ्या घरी सिलिंडर असा मामला आता नेहमीचा झाला आहे, आणि शेगड्या या घरातून त्या घरात जातच असतात.

गॅस शेगडीपर्यंत येतो कसा?

सिलिंडर हलवला की आत डुचमळतं ते तुम्ही ऐकलंच असेल. घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस दाबाखाली पातळ झालेला असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं ते मिश्रण. पातळ भाग खाली आणि त्याची वाफ वर. आपण जाळतो ती वरची वाफ. ती जसजशी निघून जाते तसतसा खालचा पातळ गॅस उकळून तिची जागा घेतो. म्हणूनच सिलिंडर नेहमी उभा ठेवायचा. आडवा केला तर वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक वाटी पातळ गॅसची साधारण अडीचशे वाट्या वाफ होते! संपत आलेला सिलिंडर आडवा करून 'उरलासुरला' गॅस काढायची खोड काही घरांत असते, ती साफ मोडा.

सिलिंडरच्या आत दाब भरपूर असतो, बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट, कडक उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. हा दाब तसाच शेगडीला मिळाला तर अनर्थच. म्हणून मध्ये रेग्युलेटर. त्याच्या पोटात एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. पुढचा दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि वाट अरुंद करतो. दाब उतरला की स्प्रिंग वाट मोकळी करते. दिवसरात्र हे आपोआप चालू असतं. रेग्युलेटरच्या बाहेर गॅस येतो तेव्हा त्याचा दाब उरतो केवळ फूटभर उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर पाणी.

पाइपच्या गॅसचं काम वेगळं. पुणे परिसरात तो महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड पुरवते. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून २००६ साली ही कंपनी स्थापन केली. हा नैसर्गिक वायू, म्हणजे बहुतेक सगळा मिथेन. तो घरी येतो तेव्हा पातळ केलेला नसतो. जमिनीखालच्या नळातून येतो, वाटेत टप्प्याटप्प्याने त्याचा दाब उतरवतात आणि स्वयंपाकघरात पोचतो तेव्हा तो साधारण २१ सेंटीमीटर पाण्याएवढा असतो. सिलिंडरच्या गॅसच्या दाबापेक्षा कमी.

आता खरी मख्खी

रबरी नळीतून किंवा पाइपातून गॅस शेगडीच्या दांडीत येतो, तिथून बटणाच्या कॉकमध्ये आणि कॉकच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा पितळी तुकड्यात. हा तुकडा म्हणजे जेट. काही जण नोझल म्हणतात, स्टोव्हच्या जमान्यातल्या बायका निपल म्हणतात. याच्या मधोमध भोक असतं. सिलिंडरच्या शेगडीत ते एक मिलिमीटरहूनही लहान, सुई जेमतेम जाईल एवढं.

या भोकातून गॅस जोराने सुटतो आणि समोरच्या जाड नळीत शिरतो. शिरताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. भरधाव एसटी गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्यामागे धावतो ना, तसंच. नळीत गॅस आणि हवा एकमेकांत मिसळतात आणि ते मिश्रण बर्नरच्या बारीक भोकांतून वर येऊन जळतं. उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. शाळेच्या प्रयोगशाळेत बुन्सेनचा बर्नर पाहिला असेल, तेच तत्त्व. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत तो १८५५ च्या सुमारास तयार झाला. आपली शेगडी त्याचीच नात म्हणायची.

म्हणजे बघा, किती गॅस जाणार हे भोक ठरवतं आणि किती हवा ओढली जाणार हेही त्या भोकातून सुटणाऱ्या धारेवरच अवलंबून. दोन्हींचं प्रमाण जमलं की ज्योत निळी, आखूड, आवाज न करणारी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. न जळलेला कोळसा ज्योतीत तापून पिवळा दिसतो आणि भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतो.

दोन गॅस, दोन भोकं

सिलिंडरचा गॅस 'भारी' आहे. एक घनमीटर सिलिंडरचा गॅस जाळला तर जेवढी उष्णता मिळते, तेवढी मिळवायला पाइपचा गॅस अडीच ते तीन घनमीटर लागतो. शिवाय पाइपच्या गॅसचा दाबही कमी. मग तीच आच हवी तर काय करायचं? भोक मोठं करायचं. म्हणून पाइपचा गॅस घरात आला की सिलिंडरचं बारीक भोकाचं जेट काढून मोठ्या भोकाचं जेट बसवतात. शेगडी जुळवली, असं पत्रात म्हटलं आहे ते हेच काम.

भोक न बदलता पाइपवर सिलिंडरची शेगडी लावली तर आच निम्म्यावर येते. दूध तापता तापत नाही, पोळी वातड होते. चिडचिड होते, पण धोका फारसा नसतो. एवढं मात्र बघायचं की ज्योत वाऱ्याने विझून गॅस तसाच सुटत नाही ना.

उलट झालं तर? मोठ्या भोकातून सिलिंडरचा भारी गॅस सुटला, तर आच जवळजवळ दुप्पट होते. तिला हवाही तितकीच जास्त लागणार. एक घनमीटर मिथेन पुरता जाळायला सुमारे दहा घनमीटर हवा पुरते. सिलिंडरच्या तेवढ्याच गॅसला पंचवीस ते तीस घनमीटर लागते. एवढी हवा आणायची कुठून? शेगडीची नळी तेवढी ओढू शकत नाही. मग ज्योत हवा शोधत भांड्याच्या बाहेरून वर चढते, पिवळी पडते, काजळी धरते. फुरसुंगीच्या घरी हेच चाललं आहे.

काजळी घासून निघते हो. जी दिसत नाही तिची भीती जास्त. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण तो वास न जळलेल्या गॅसला. हा विषारी वायू जळल्यानंतर होतो, तेव्हा नाक काहीच सांगत नाही. डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, हीच त्याची खूण. उन्हापायी किंवा थकव्यापायी होतंय असं समजून आपण चहा टाकतो, म्हणजे पुन्हा तीच शेगडी पेटवतो! स्वयंपाकघरात डोकं दुखतं आणि बाहेर अंगणात आलं की बरं वाटतं, असं असेल तर आधी शेगडी बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणाला फार चक्कर येत असेल, झापड येत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गॅसचं सांगा. ताई, लेकीला डोकेदुखीसाठी एकदा डॉक्टरांकडे पाठवाच.

गॅसच्या गिझरलाही हाच नियम. त्यातही जेट असतं, तेही गॅस पाहूनच बसवायला हवं. आणि तो बंद न्हाणीघरात तर कधीच नको.

पिन आली कुठून?

पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरला त्यांना पिन सांगायला नको. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती बारीक तार दर घरी चुलीपाशी खिळ्याला टांगलेली असे. स्टोव्ह फुरफुरला की निपलमध्ये पिन मारायची, पुन्हा पंप मारायचा. ते बरोबरच होतं. रॉकेल तापून वाफ होताना त्याची काजळी निपलमध्ये धरते, ती काढावीच लागे. पुढे १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला, मग हळूहळू तो गावोगाव पोचला. स्टोव्ह माळ्यावर गेले, पण पिन मारायची सवय हातात राहिली आणि आईकडून लेकीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे चालत आली.

गॅसच्या जेटला ती लावू नका. गॅस स्वच्छ असतो, जेट सहसा तुंबत नाही. तुंबलंच तर उतू गेलेलं दूध, धूळ किंवा बंद घरात कोळ्याने केलेलं जाळं, यांनी. पितळ मऊ असतं आणि पिन पोलादाची. चार वेळा फिरवली की भोक झिजून मोठं होतं. आता साधं गणित करा. भोकाची रुंदी दहावा हिस्सा वाढली, तर त्याचं क्षेत्र एकवीस टक्के वाढतं. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त गॅस जादा जाऊ लागतो. डोळ्यांना भोक तेवढंच दिसतं, पण सिलिंडर लवकर संपतो आणि भांडी काळी होतात. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही. नवं जेटच घालावं लागतं.

बर्नरची भोकं मात्र खुशाल साफ करावीत. बर्नर गार झाल्यावर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासा, अडकलेलं खराट्याच्या हिराने काढा आणि अगदी कोरडा करून मगच बसवा. परत बसवताना तो खाचेत नीट बसला ना, एवढं पाहा. तिरका बसला तर एकाच बाजूला ज्योत उठते.

बटण आधी मोठं, मग बारीक, असं का?

काही वाचकांनी मागे विचारलं होतं, म्हणून तेही सांगते. बटणाच्या आत नरसाळ्यासारखी निमुळती पितळी खुंटी असते. तिला एक मोठं आणि एक बारीक भोक पाडलेलं असतं. बटण दाबून फिरवलं की आधी मोठं भोक समोर येतं, कारण पेटवताना भरपूर गॅस हवा. आणखी फिरवलं की मोठं सरकतं आणि बारीक उरतं. तीच आपली मंद आच. बारीक आचेवर शेगडी पटकन विझत असेल, तर हे बारीक भोक तुंबलं असण्याचा संभव आहे.

बटण कडक झालं, तर खुंटीवरचं ग्रीस सुकलेलं असतं. तिथे खोबरेल किंवा गोडं तेल सोडू नका. तेल उष्णतेने चिकट होऊन बसतं आणि ग्रीस धुऊन गेलं की खुंटीच्या बाजूने गॅस झिरपतो. मेकॅनिककडून योग्य ते ग्रीस लावून घ्या.

ज्योत काय सांगते?

निळी, स्थिर, भांड्याच्या बुडाखालीच राहणारी : सगळं ठीक.

टोकाला पिवळी, भांडं काळं करणारी : हवा कमी किंवा गॅस जास्त. बर्नर साफ करून पाहा. तरी तशीच राहिली तर जेट तपासून घ्या.

अधूनमधून नारिंगी ठिणग्या : मीठ, पीठ किंवा धूळ पडली आहे, नाहीतर बर्नर ओला आहे. काजळी धरत नसेल तर काळजी नको.

बर्नरवरून उचललेली, फुरफुरणारी : हवा किंवा दाब जास्त. रेग्युलेटर दाखवा.

बर्नरच्या आत, नळीतच फुस्स आवाज करत जळणारी : ज्योत मागे आली आहे. लगेच बटण बंद करा, सगळं गार होऊ द्या, बर्नर नीट बसला आहे का पाहा, मग पुन्हा पेटवा. वारंवार होत असेल तर मेकॅनिक बोलवा.

थंडीत, सिलिंडर संपत आला असता मंद पडलेली : सिलिंडरमधलं प्रोपेन चटकन उकळून आधी उडतं, मागे ब्युटेन जास्त उरतं. गारठ्यात ते आळशासारखं उकळतं, म्हणून दाब उतरतो. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, त्याच्याजवळ निखारे ठेवणं हे वेडं धाडस करू नका. बदली सिलिंडर लावा.

आता काय करायचं?

ताई, लेकीच्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला किंवा त्या शेगडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शेगडी दाखवा. "ही पाइपवर चालत होती, आता सिलिंडरवर चालवायची आहे," असं स्पष्ट सांगा. तो सगळी जेटं बदलेल. सगळी म्हणते आहे, कारण मोठ्या बर्नरचं जेट वेगळं आणि लहान बर्नरचं वेगळं. एक बदलून एक तसंच ठेवून चालत नाही, अदलाबदलही चालत नाही. जेट शेगडीच्या बनावटीप्रमाणे मिळतं, तेव्हा बाजारात 'कुठलंही बसेल' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पाइपसाठी शेगडी जुळवताना काही जण जुन्याच जेटचं भोक ड्रिलने मोठं करतात. तुमच्याकडे तसं झालं असेल तर जुनं जेट शोधण्यात अर्थ नाही, नवीच घ्या.

सगळ्यांसाठी एक सोपी युक्ती. जेव्हा जेव्हा शेगडी एका गॅसवरून दुसऱ्यावर जाईल, तेव्हा काढलेली जेटं मेकॅनिककडून मागून घ्या, छोट्या डबीत घाला आणि आत 'सिलिंडर' किंवा 'पाइप' अशी चिठ्ठी ठेवा. शेगडीच्या बुडालाही कोणत्या गॅसची आहे ते ठळक लिहून ठेवा. लग्नात लेकीला, बदलीच्या गावी मुलाला किंवा कामवाल्या मावशींना शेगडी देताना ती चिठ्ठी डोळ्यांपुढे राहील. शेगडी दिली, तर तिचा गॅसही सांगून द्यावा.

गळतीबद्दल दोन शब्द. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरी खालून दाराची वाट मोकळी हवी आणि पाइपच्या घरी वरचा झरोका बंद नसावा. वास आला की विजेचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, काडी तर नाहीच नाही. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, तो कागदावर उतरवून दाराजवळ चिकटवून ठेवा. पाइपचा गॅस मध्येच गेला, तर शेगडीची सगळी बटणं आठवणीने बंद करा. नाहीतर तो परत येतो आणि न पेटलेल्या बर्नरमधून सुटत राहतो.

रबरी नळीवर आयएसआयची खूण पाहा. आत तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. गळती शोधायची तर साबणाच्या फेसाने. बुडबुडा आला की जागा कळली.

आपण गॅसचं बटण फिरवतो आणि वाटतं की आच आपल्या हातात आहे. खरी आच त्या सुईएवढ्या भोकाच्या हाती असते. ते भोक गॅसशी जुळलेलं असलं की बाकीचं सगळं सुरळीत.

पुढच्या वेळी कुकरची शिट्टी आणि तिच्याखालचं वजन, यांविषयी बोलू. तोवर आपापल्या शेगडीखाली एकदा डोकावून बघा.